फोटोखालचा रकाना

फोटोकाकांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत त्यांचा चहा उकळून व्हायचा, पिऊन व्हायचा आणि कपही विसळून पालथा पडायचा. मग फोटोचं सॉफ्टवेअर उघडायचं. ते उघडेपर्यंत दाढी. "या यंत्रापायी मी माणसात राहिलोय," काका म्हणायचे. म्हणायचे कोणाला, हा प्रश्न आहेच, कारण खोलीत ते आणि लॅपटॉप असे दोघंच होते, आणि त्यातला एक सदा गरम डोक्याचा.

लॅपटॉप लेकीचा जुना, कॉलेजात असताना निबंध लिहायला आणि गाणी ऐकायला घेतलेला. त्याच्यावर हे भारदस्त सॉफ्टवेअर चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून काकांनी घराला शिस्त लावली होती. सॉफ्टवेअर चालू असताना दुसरं काही म्हणजे काही चालू नाही. ब्राउझर बंद, गाणी बंद, पडद्यावरचं डोंगराचं चित्रही काढून तिथे काळा रंग, कारण डोंगर मेमरी खातो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. चारही कोपऱ्यांखाली बाटल्यांची बुचं, म्हणजे खालून वारा लागेल. फोटो सेव्ह होत असताना टेबलाला हात लावायचा नाही. एकदा ऐन सेव्हच्या वेळी काकांना शिंक आली आणि लॅपटॉपने मान टाकली. शिंकेचा तसा काही संबंध नव्हता, पण तेव्हापासून काका सेव्ह करताना नाक धरून बसायचे.

तीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता. मग लोकांच्या खिशाखिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत फक्त पासपोर्टचे फोटो उरले, मग तेही नाही. काकू त्याच्या आधीच गेल्या होत्या. स्टुडिओ गेला, नाव तेवढं राहिलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यापासून सगळे अजून फोटोकाकाच म्हणायचे, जसं बंद पडलेल्या गिरणीच्या नावाने बसचा थांबा राहतो.

लेक बापाच्याच वळणावर गेली होती, फक्त दूरच्या शहरात. ती दुकानांसाठी वस्तूंचे फोटो काढायची. फर्निचर, दिवे, कपबशा, पडदे. तिच्याकडे यंत्रसामग्री तालेवार होती, पण रंगाच्या बाबतीत बापाच्या डोळ्याला तोड नव्हती, हे तिलाही कबूल होतं. सागवानाचा रंग सागवानाचाच दिसायला हवा, त्यात एक छटा इकडची तिकडे झाली की गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत वेगळं होतं. तेव्हा दीड वर्षापूर्वी ती चार दिवस येऊन राहिली आणि तिने एक व्यवस्था लावून दिली.

व्यवस्था अशी. मोठे फोटो तिच्याकडेच राहणार, कारण त्यातला एक जरी या लॅपटॉपवर उघडला तरी लॅपटॉप अंथरूण धरील. काकांकडे यायच्या त्या फोटोंच्या छोट्या, हलक्या नकला. काकांनी नकलेवर रंग दुरुस्त करायचे. सॉफ्टवेअर त्या दुरुस्त्यांची एक चिमुकली फाइल करतं: इतकं पिवळं कमी, इतकी सावली जास्त. ती फाइल दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये पडली की तिकडे तिच्या यंत्रावर तीच दुरुस्ती मोठ्या फोटोला लागायची आणि फोटो दुकानदाराकडे रवाना. काम झालं की काकांच्या यादीत त्या फोटोवर एक हिरवी खूण उमटायची.

शिकवताना लेकीने एकेका रकान्यावर बोट ठेवलं होतं. हा उजेडाचा, हा सावलीचा, हा रंगाचा. सगळ्यात खाली एक लांबट पांढरा रकाना होता. "इथे टीप लिहिता येते," ती म्हणाली आणि पुढच्या गोष्टीकडे वळली.

तिच्या दृष्टीने ते तिथेच संपलं. काकांच्या दृष्टीने तिथून सुरू झालं.

गंमत अशी की या लॅपटॉपवर रंगाचा एक खटका सरकवला की फोटो आधी धुरकट व्हायचा, मग पंखा घरघरायचा, आणि अर्ध्या मिनिटाने फोटो पुन्हा स्वच्छ व्हायचा. त्या अर्ध्या मिनिटात करण्यासारखं काही नसायचं. टिपेच्या रकान्यात लिहिणं हे एकच काम लॅपटॉप कण्हल्याशिवाय करायचा. अक्षरांचं त्याला ओझं वाटत नसे. काका लिहायला लागले.

सुरुवातीला फोटोबद्दलच असायचं बहुतेक. 'या खुर्चीच्या पाठीवर तुझ्या बोटाचा ठसा आहे, पुसून काढत जा.' मग जरा सैल. 'हे कपाट आपल्या जुन्या कपाटासारखं आहे, ज्यात तू लपून बसायचीस आणि आतून खोकायचीस.' मग फोटो निमित्तालाच उरला. जेवणाच्या टेबलाखाली लिहिलं: 'सहा खुर्च्या. इथे एक पुरते.' आरामखुर्चीखाली: 'आज दूधवाल्याशी बोललो. तो म्हणाला, पिशवी धरा. मी म्हणालो, धरली.' दिव्याखाली: 'शिंप्याकडे विनाकारण एक बटण लावायला दिलं. चांगलं घट्ट होतं, मीच तोडलं.'

ही शेवटची टीप लिहिल्यावर काकांना जरा लाज वाटली होती. पण तासाभराने त्यावरही हिरवी खूण आली. लेकीने वाचलं. वाचून हसली असेल, नाहीतर डोळ्यांत पाणी आलं असेल, काय ते तिचं तिला ठाऊक, पण वाचलं. एवढं माणसाला पुरतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी हिरवी होती एवढंच.

फोन त्यांचे होत नसत असं नाही. महिन्यातून एकदा-दोनदा लेक रस्त्याने चालता चालता फोन करायची. मागे गाड्यांचा आवाज. "बाबा, कसे आहात?"

"मी मजेत. बाकी तुला ठाऊकच आहे."

"हो, हो," ती म्हणायची. "ठेवू मग?"

"ठेव."

जे लिहून कळवलंय ते पुन्हा तोंडाने कशाला उगाळायचं, असा काकांचा हिशेब. लेक आधीच घाईत असते.

सात महिन्यांपूर्वी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. उजवा जास्त पिकलेला. तेव्हा कुठे त्यांना कळलं की गेलं वर्षभर आपल्याला जग पिवळट दिसतंय. डॉक्टरांनी बुधवार दिला आणि म्हणाले, सोबत कोणीतरी घेऊन या. काका घरी आले, लॅपटॉप लावला, दाढी केली आणि एका लाकडी पलंगाच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं: 'बुधवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत कोणीतरी आणा म्हणाले. येशील का?'

लिहून झाल्यावर बराच वेळ ते 'येशील का' खोडावं की ठेवावं असं चाललं होतं. मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ठेवलं. तासाभरात हिरवी खूण आली.

मंगळवारी काकांनी पलंगावर धुतलेली चादर घातली आणि स्वतःची गादी खाली जमिनीवर टाकली. रात्रीच्या गाडीने निघाली तर सकाळी सातला पोहोचेल. सात वाजले, साडेसात झाले. आठ वाजता ते खाली उतरले आणि शिंप्याला म्हणाले, "दोन तास आहेस का रे मोकळा?" शिंपी तोंडातल्या टाचण्या काढून उठला. बिचाऱ्याने दुकान बंद केलं, दवाखान्यात चार तास बाकावर बसला, आणि पट्टी बांधलेल्या काकांना हाताला धरून जिना चढवून वर आणलं. जाताना विचारलं, "मुलीला कळवलंय ना?"

"कळवलंय," काका म्हणाले.

त्या दिवशी काकांच्या मनात लेकीविषयी जी गाठ बसली ती सुटली नाही. काम असेल, मान्य. गाडी मिळाली नसेल, मान्य. पण नंतर दोन ओळी लिहिता येत नाहीत? पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, गाड्यांच्या आवाजात, "बाबा, कसे आहात?" म्हणाली आणि डोळ्याचा 'ड' काढला नाही. तिने नाही काढला तर मी कशाला काढू? काका म्हणाले, "मजेत. बाकी तुला ठाऊकच आहे." या वेळी त्यांनी ते जरा टोचून म्हटलं होतं. ती म्हणाली, "हो, हो."

पोरगी दगड झाली, असं काकांनी ठरवून टाकलं. ठरवलं तरी टिपा लिहिणं काही सुटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं म्हणतात, काकांचा पीळ लिहिण्याचा होता. रागावलेल्या बापाच्या टिपा थोड्या तुटक झाल्या इतकंच. 'पाऊस नाही.' 'घसा बसलाय, वापर नसल्याने असेल.' नवीन डोळ्याने पांढरं लख्ख दिसायचं आणि जुन्या डोळ्याने चहा सांडल्यासारखं. रंग बघताना काका डावा डोळा तळव्याने झाकून घ्यायचे. झाकलेल्या डोळ्यानिशी हिरव्या खुणा मोजायचे. रागही होता आणि खुणेची वाटही बघायचे, दोन्ही एकाच खुर्चीवर बसून.

तर असं सगळं चाललेलं असताना, एका दुपारी, काका नाक धरून एक बाकडं सेव्ह करत होते आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. लेकीचा. दुपारी ती कधीच करत नसे. काकांनी फोन अलगद टेबलावरून उचलला, कारण थरथरीने लॅपटॉप बंद पडला असता, आणि खिडकीपाशी गेले.

मागे गाड्यांचा आवाज नव्हता. ती कुठेतरी बंद खोलीत बसली होती.

"बाबा, तुमचं कसलं ऑपरेशन झालं?"

काकांना काही उमजेना. सात महिन्यांनी आठवण झाली होय? "उशिरा का होईना, विचारलंस," ते म्हणाले.

"म्हणजे झालंय?" तिचा आवाज चढला. "बाबा, मला फर्निचरवाल्यांचा फोन आला होता आत्ता. त्यांची नवीन वेबसाइट सुरू झालीय गेल्या आठवड्यात. आपण पाठवलेले फोटो त्यांनी तिथे टाकलेत. आणि प्रत्येक फोटोखाली काहीतरी मजकूर येतोय. त्यांना वाटलं त्यांच्याच ऑफिसातल्या कोणीतरी चेष्टा केलीय. सकाळपासून दुकानात फोन येताहेत बायकांचे. पलंग किती फुटी आहे ते कोणी विचारत नाहीये. विचारताहेत, त्या काकांचं ऑपरेशन कसं झालं, मुलगी आली होती का."

काका खिडकीचा गज धरून उभे राहिले. त्यांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं. टीप फोटोला चिकटून गेली होती. मोठ्या फोटोच्या पोटात शिरून दुकानदाराकडे गेली होती, सगळ्या टिपा, दीड वर्षाच्या. आतापर्यंत फोटो कागदावर छापले जायचे, म्हणून दिसल्या नव्हत्या. गावभर बोभाटा झाला होता. त्यांचे कान तापले. तोडलेलं बटण आठवलं. कोणीतरी अनोळखी बाई दिवा विकत घ्यायला गेली आणि तिने ते बटण वाचलं.

आणि मग, बोभाट्यापेक्षा वाईट असं काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं.

"तू वाचत नव्हतीस?" त्यांनी विचारलं.

"काय वाचत नव्हते?"

"टिपा. मी लिहायचो त्या."

"मला माहीतच नव्हतं तुम्ही लिहिता ते. मी फायली उघडत नाही बाबा, उघडायचं कारणच नाही. तुमचे रंग तपासायची मला गरज वाटत नाही. फोल्डरमध्ये पडलं की मशीन घेतं आणि लावतं."

"आणि हिरवं?"

"कुठलं हिरवं?"

"हिरवी खूण. वाचलं की तू करायचीस ती."

ती म्हणाली, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तशी. "ती मशीन करतं, बाबा. फोटो गेला की आपोआप होते. मी तसं लावून ठेवलंय. मी झोपलेली असले तरी होते."

काका खुर्चीकडे आले आणि बसले. समोर बाकडं सेव्ह होत होतं आणि त्यांनी टेबलावर कोपर टेकलं, तरी त्यांना त्याचं भान नव्हतं. दीड वर्ष. चौदाशेच्या वर फोटो. ते एका यंत्राला आपली खबरबात सांगत होते आणि दुसरं यंत्र मान डोलावत होतं. त्यांना फार एकटं वाटलं. इतके दिवस वाटायचं त्यापेक्षा जास्त, कारण आता ते मागच्या तारखेपासून वाटायला लागलं. आणि त्याच्याच पाठोपाठ, ओशाळं करणारं एक सुख आलं, की पोरगी दगड झाली नव्हती. तिला पत्ताच नव्हता.

"पण कसलं ऑपरेशन?" तिने विचारलं. तिच्या बाजूला माऊसची टिकटिक ऐकू येत होती. ती शोधत होती. तिला सापडलंही असावं, कारण टिकटिक थांबली. "उजव्या डोळ्याचं. बुधवारी." तिने पुढचं मोठ्याने वाचलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हणून तेव्हा पांढरं सगळं निळसर यायचं. फर्निचरवाले म्हणाले होते एकदा. मी म्हटलं, बाबांनी मुद्दाम ठेवलं असेल, त्यांना जास्त कळतं."

"पिवळं दिसायचं ना मला. म्हणून पिवळं कमी करत सुटलो. तुझं काम बिघडवलं."

"काम मरू दे. सोबत कोण होतं?"

"शिंपी."

"बटणवाला?"

म्हणजे तेही सापडलं होतं. काका म्हणाले, "हं."

"तुम्ही मला फोन का नाही केला? आणि मी केला की दोन वाक्यांत कापायचा. मला वाटायचं, बाबांना फोनवर बोलायला आवडत नाही. ठाऊकच आहे, ठाऊकच आहे. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे तुमची."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दुकानदाराला सांग, चुकून झालं. माफी मागतो म्हणावं. सगळं पुसून टाक तुझ्याकडून. माझ्या लॅपटॉपला एकदम चौदाशे झेपायचे नाहीत."

"पुसायचं बघू नंतर. डावा डोळा?"

"त्याचं व्हायचंय."

"कधी?"

"तारीख घेतली नाही अजून."

"उद्या घ्या. आणि मला सांगा. तोंडाने सांगा, बाबा. लिहू नका."

"सांगतो."

"आणि अजून काय काय झालं? दीड वर्षात? आत्ता बोला. मी कुठेही जात नाहीये."

काकांनी तोंड उघडलं. चौदाशे टिपा लिहिलेला माणूस, खुर्चीवर, पलंगावर, दिव्यावर, बशीवर लिहिलेला, पण त्या घडीला त्यांना एक गोष्ट सुचेना. पडद्यावर बाकड्याचा फोटो अर्धा धुरकट होऊन थांबला होता. लॅपटॉपने मान टाकली होती आणि त्यांना वाईटही वाटलं नाही.

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "ठीक आहे सगळं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तिच्या आईसारखा एक हट्ट होता. पुन्हा टिकटिक. तिच्या यंत्राला सगळे फोटो एका रांगेत लावायला एक क्षण लागला. "तारखेने लावलेत. पहिल्यापासून वाचते. तुम्ही नुसतं ऐका."

"अगं, तुला कामं असतील."

"पहिला फोटो पितळी घंगाळाचा आहे. तारीख, मी तुमच्याकडून निघाले त्याच दिवसाची. संध्याकाळची." ती थांबली.

"काय लिहिलंय?" काकांना खरंच आठवत नव्हतं.

"'नीट पोहोचलीस का?'" तिने वाचलं.

खाली शिंप्याचं मशीन एकदा चाललं आणि थांबलं.

"पोहोचले, बाबा," ती म्हणाली.